दुर्बल प्रतिकारशक्ती आणि अवयवरोपण : एच. आय. व्ही.बाधित रुग्णांतील मूत्रपिंडरोपणाचा विचार

एका माणसाचे मूत्रपिंड दुसऱ्या माणसाच्या शरीरात बसविणे आणि तेथे ते वर्षानुवर्षे कार्यक्षम राखणे ही गोष्ट गेल्या सत्तर वर्षांत वैद्यकास साध्य झाली आहे. रक्तवाहिन्या एकमेकींस जोडण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या आरंभीच अवगत झाले होते. परंतु तेवढ्याने काम भागले नाही. उत्तम रीतीने जोडलेला अवयवही काही दिवसांतच निकामी होई. अडचण शस्त्रक्रियेची नसून स्वीकाराची होती. ती दूर करण्यासाठी ग्राहीची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम क्षीण करावी लागते, आणि ती जन्मभर तशीच ठेवावी लागते.

ज्याची प्रतिकारशक्ती आधीच क्षीण झालेली आहे, अशा रुग्णाचे काय करावयाचे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्यासंबंधी दोन अनुमाने सहज सुचतात. पहिले असे की, औषधांनी आणखी दुबळे केलेले हे शरीर संसर्गास बळी पडेल. सबब रोपण करू नये. दुसरे नेमके उलट दिशेचे : दुबळे शरीर परका अवयव निमूटपणे स्वीकारील. एच. आय. व्ही.बाधित रुग्णांच्या बाबतीत या दोन्ही अनुमानांची प्रत्यक्ष परीक्षा झाली, आणि दोन्हीही चुकीची ठरली. ही परीक्षा कशी झाली आणि तीतून काय निष्पन्न झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शरीराचा आपपरभाव

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो येथे टॉमस गिब्सन व पीटर मेडावार यांनी भाजलेल्या रुग्णावर दुसऱ्याच्या त्वचेचे तुकडे लावून त्यांचे बारकाईने निरीक्षण केले. त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली असता ती पहिल्यापेक्षा लवकर नष्ट होते, असे त्यांना आढळले. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ स्पष्ट होता : शरीरास पहिल्या भेटीची स्मृती राहते. देवी किंवा गोवर यांविरुद्ध जी यंत्रणा काम करते, तीच यंत्रणा परक्या त्वचेविरुद्धही काम करीत असते. पुढील संशोधनाबद्दल मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासमवेत मिळाले.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. भाऊ एकरूप जुळे असल्यामुळे आपपरभावाचा प्रश्नच उद्भवला नाही व रोपण यशस्वी झाले. परंतु जुळे भावंड किती जणांस असणार? इतरांसाठी औषधांचाच आश्रय घेणे भाग होते. १९६० नंतरच्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन व प्रेडनिसोन यांच्या संयुक्त उपयोगाने काही यश आले. पुढे नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. त्यास अमेरिकेत १९८३ साली मान्यता लाभली. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या सूक्ष्मजीवापासून १९८४ साली टॅक्रोलिमस हाती आले. रक्तातील टी-पेशी परका पदार्थ ओळखल्यावर एक संदेशद्रव्य निर्माण करतात व त्यामुळे त्यांची संख्या झपाट्याने वाढते. वरील दोन्ही औषधे या संदेशद्रव्याची निर्मितीच रोखून धरतात. पेशी जिवंत राहते. परंतु तिची हाक इतरांपर्यंत पोहोचत नाही.

या उपायाची किंमतही तितकीच मोठी आहे. ज्या टी-पेशी परक्या मूत्रपिंडावर चालून जातात, त्याच पेशी विषाणू, बुरशी व क्षयाचे जंतू यांनाही आवरून धरीत असतात. म्हणून रोपणानंतर सायटोमेगॅलो विषाणू, न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा फुप्फुसदाह, सुप्तावस्थेतील क्षय यांचा धोका वाढतो. कित्येकांच्या अंगात निरुपद्रवीपणे वास करणारा बी. के. विषाणू रोपित मूत्रपिंडावरच उलटतो. काही प्रकारचे कर्करोगही अधिक प्रमाणात आढळतात. लसीकरणाचे फळदेखील कमी मिळते. कोविड साथीच्या काळात, १९२१ नव्हे तर अगदी अलीकडे २०२१ साली, अमेरिकेत ६५८ अवयवग्राहींची तपासणी झाली, तेव्हा लशीच्या दोन मात्रांनंतरही सुमारे ५४ टक्के व्यक्तींतच प्रतिपिंडे आढळली. तात्पर्य, रोपण झालेला प्रत्येक रुग्ण हा दुर्बल प्रतिकारशक्तीचाच रुग्ण होय. फरक इतकाच की, त्याचे दौर्बल्य वैद्याने मोजूनमापून आणलेले असते.

२. रोगाने आलेले दौर्बल्य

एच. आय. व्ही. हा विषाणू पॅरिस येथील पाश्चर संस्थेत १९८३ साली प्रथम वेगळा करण्यात आला. टी-पेशींपैकी ज्यांस सी. डी. ४ पेशी म्हणतात, त्यांत हा प्रवेश करतो आणि त्यांचा हळूहळू नाश करतो. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारणपणे ५०० ते १,५०० असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली म्हणजे एरव्ही दूर राहणारे रोग शरीरात शिरकाव करतात. १९९६ च्या सुमारास अनेक औषधांचा एकत्रित उपचार प्रचारात आला व या रोगाचे स्वरूपच पालटले. विषाणू समूळ नष्ट होत नसला तरी रक्तात त्याचा मागमूस लागू नये इतका तो दबविता येऊ लागला आणि पेशींची संख्या पुन्हा वाढू लागली.

रुग्ण दीर्घायुषी झाले, तसा मूत्रपिंडाचा प्रश्न पुढे आला. हा विषाणू मूत्रपिंडातील गाळणीच्या पेशींत शिरून त्यांची हानी करतो. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या एका जनुकाच्या विशिष्ट रूपांमुळे ही हानी अधिक तीव्र होते. त्यातच मधुमेह, रक्तदाब व काही औषधांचे दुष्परिणाम यांची भर पडते. अशा रीतीने विषाणूपासून बचावलेला माणूस मूत्रपिंडाच्या विकाराने दगावण्याची वेळ आली. परंतु रोपणाच्या यादीत त्याचे नाव घातले जात नसे. कारण वरवर सयुक्तिक होते. मूत्रपिंडे दुर्मिळ, जो फार काळ जगणार नाही त्यास ती देणे म्हणजे ती वाया घालविणे. मात्र तो फार काळ जगणार नाही हे विधान १९९६ पूर्वीच्या अनुभवावर आधारलेले होते, आणि पुढे कित्येक वर्षे त्याची फेरतपासणी झाली नाही.

३. दीडशे रुग्णांचा अभ्यास

ही फेरतपासणी अमेरिकेत २००३ ते २००९ या काळात अनेक केंद्रांनी मिळून केली. ज्यांची सी. डी. ४ पेशींची संख्या किमान २०० आहे व ज्यांच्या रक्तातील विषाणू औषधांनी पूर्णपणे दबला आहे, अशा १५० रुग्णांस मूत्रपिंडे बसविण्यात आली. पीटर स्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार एक वर्षानंतर सुमारे ९५ टक्के व तीन वर्षांनंतर ८८ टक्के रुग्ण हयात होते. त्या देशातील सर्व मूत्रपिंडग्राहींच्या मानाने हे प्रमाण किंचित कमी असले, तरी पासष्टी उलटलेल्या ग्राहींच्या तोडीचे होते. आणि पासष्टी उलटलेल्यांस कोणी रोपण नाकारीत नव्हते. एच. आय. व्ही.चा रोग बळावल्याचेही दिसून आले नाही. अशा प्रकारे पहिले अनुमान निराधार ठरले.

दुसऱ्या अनुमानाची गत याहून विलक्षण झाली. परक्या अवयवाचा अस्वीकार या रुग्णांत कमी होण्याऐवजी कितीतरी अधिक झाला. पहिल्या वर्षी ३१ टक्के व तीन वर्षांअखेर ४१ टक्के रुग्णांत अस्वीकाराचे प्रसंग उद्भवले. हे प्रमाण इतर ग्राहींच्या दोन ते तीन पट होते.

याची मीमांसा करताना प्रतिकारशक्ती ही भांड्यातील पाण्यासारखी एकाच मापाने कमी-अधिक होणारी वस्तू आहे, ही कल्पना सोडून द्यावी लागते. एच. आय. व्ही.बाधित शरीरात सी. डी. ४ पेशी कमी असतात हे खरे. परंतु उरलेली यंत्रणा शांत नसते. ती सतत चेतविलेल्या अवस्थेत असते. अनेक संसर्गांना तोंड दिलेल्या स्मृतिधारक पेशींचे प्रमाण तीत मोठे असते, आणि त्यांपैकी काही पेशी परक्या अवयवालाही जुना शत्रू समजून त्यावर चालून जात असाव्यात. यंत्रणा दुर्बल असण्यापेक्षा विस्कळीत असते, असे म्हणणे अधिक यथार्थ होय. सायक्लोस्पोरिन दिलेल्या रुग्णांत टॅक्रोलिमस दिलेल्यांपेक्षा अस्वीकार अधिक झाला, हेही याच अभ्यासात दिसले. यावरून औषधे बेताने द्यावीत, शरीर दुबळेच आहे, हा विचार घातक ठरतो, हे ध्यानात येईल. अशा रुग्णास प्रतिकारशामक औषधे पुरेशा मात्रेतच द्यावी लागतात.

४. औषधांचा परस्परविरोध

पुरेशी मात्रा कोणती, हे ठरविणे मात्र सोपे नव्हते. टॅक्रोलिमसचे विघटन मुख्यतः यकृत व आतडे यांतील एका विकराकडून होते. एच. आय. व्ही.वरील जुन्या उपचारातील रिटोनाविर हे औषध त्याच विकरास निष्क्रिय करते. परिणामी टॅक्रोलिमस रक्तात साचत जाते. सामान्यतः दिवसातून दोन वेळा द्यावयाची मात्रा अशा रुग्णास आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि तीही अत्यल्प, द्यावी लागते. उलट एफाविरेंझ हे औषध त्या विकरास उत्तेजन देते. तेव्हा टॅक्रोलिमस लवकर नाहीसे होते व मात्रा वाढवावी लागते. एक औषध बदलून दुसरे दिले आणि मात्रा तीच ठेवली, तर काही दिवसांतच एकीकडे विषबाधा वा दुसरीकडे अस्वीकार ओढवतो. अस्वीकाराचे जे मोठे प्रमाण वर सांगितले, त्यास हा घोटाळाही काही अंशी कारण झाला असावा.

पुढे डोल्युटेग्राविरसारखी औषधे उपलब्ध झाली. त्यांचा त्या विकराशी असा संबंध येत नाही. त्यामुळे ही गुंतागुंत पुष्कळच कमी झाली. तथापि त्यांतही सावधगिरी हवीच. डोल्युटेग्राविरमुळे रक्तातील क्रिएटिनीन थोडे वाढते. मूत्रपिंडाची हानी झाल्यामुळे ही वाढ होत नाही. क्रिएटिनीन बाहेर टाकण्याचा एक मार्ग अडल्यामुळे होते. हे ठाऊक नसलेला वैद्य तीस अस्वीकाराचे लक्षण समजण्याचा संभव असतो. टेनोफोविरचे जुने रूप मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकते. म्हणून शक्यतो ते टाळतात. न्यूमोसिस्टिसच्या प्रतिबंधासाठी को-ट्रायमोक्साझोल दिले जाते, आणि क्षयाची तपासणी रोपणापूर्वीच केली जाते. जिवंत जंतूंच्या लशी रोपणानंतर वर्ज्य असल्याने योग्य त्या लशी आधीच टोचून घ्याव्या लागतात. ही सर्व कामे शस्त्रवैद्य, मूत्रपिंडतज्ज्ञ व संसर्गरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांस विचारून करावयाची असतात. रोपणाचे यश शस्त्रक्रियागृहाइतकेच या समन्वयावर अवलंबून असते.

५. केपटाऊन येथील प्रयोग

आतापर्यंतचा विचार ग्राहीपुरता झाला. दाताही एच. आय. व्ही.बाधित असला तर काय, हा प्रश्न प्रथम दक्षिण आफ्रिकेत ऐरणीवर आला, आणि त्यास तेथील परिस्थितीच कारण झाली. केपटाऊन येथील सार्वजनिक रुग्णालयांत डायलिसिसची साधने अपुरी होती. म्हणून पुढे ज्यास मूत्रपिंड बसविता येईल अशाच रुग्णास डायलिसिसवर घेण्याचा प्रघात होता. एच. आय. व्ही.बाधित रुग्ण रोपणास अपात्र समजला जाई. अर्थात त्यास डायलिसिसही मिळत नसे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, त्यास घरी जाऊन मरणाची वाट पाहणे एवढेच उरे. त्याच वेळी मस्तिष्कमृत झालेल्या बाधित व्यक्तींची उत्तम स्थितीतील मूत्रपिंडे कोणाच्याही उपयोगी न पडता नष्ट होत होती.

ग्रूट स्क्यूर रुग्णालयातील शल्यचिकित्सक एल्मी म्युलर यांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या. हे तेच रुग्णालय, जेथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये मानवी हृदयाचे पहिले रोपण केले. २००८ साली म्युलर यांनी बाधित मृत दात्यांची मूत्रपिंडे बाधित ग्राहींस बसविण्यास आरंभ केला. पहिल्या चार रुग्णांचा वृत्तांत २०१० मध्ये व सत्तावीस रुग्णांचा वृत्तांत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या वर्षानंतर ८४ टक्के व पाच वर्षांनंतर ७४ टक्के रुग्ण हयात होते. आणि पाच वर्षांनंतर ८४ टक्के मूत्रपिंडे कार्यक्षम होती. या आकड्यांची तुलना करताना या रुग्णांपुढे दुसरा पर्याय कोणता होता, हे विसरून चालणार नाही.

या प्रयोगावर मुख्य आक्षेप असा होता की, दात्याचा विषाणू ग्राहीच्या विषाणूहून वेगळा असणार. तो औषधांस न जुमानणारा निघाल्यास ग्राहीचा आटोक्यात आलेला रोग पुन्हा उसळेल. आक्षेप तर्कशुद्ध होता. म्हणूनच दाते निवडताना, ज्यांनी उपचार घेतलाच नव्हता किंवा प्राथमिक उपचाराने ज्यांचा विषाणू दबलेला होता, असेच दाते निवडण्यात आले. ग्राहींचा औषधोपचार अखंड चालू राहिला, आणि त्यांच्या रक्तातील विषाणू दबलेलाच राहिला.

६. कायद्यातील परिवर्तन

अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बाधित व्यक्तीचे अवयव रोपणासाठी घेण्यास बंदी होती. केपटाऊनच्या अनुभवाने त्या बंदीचा आधार ढिला झाला, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये संशोधनापुरती ती उठविणारा कायदा मंजूर झाला. २०१६ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत त्यानुसार पहिली रोपणे झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९८ बाधित ग्राहींची तुलना केली आहे. त्यांतील निम्म्यांस बाधित दात्यांची व निम्म्यांस अबाधित दात्यांची मूत्रपिंडे मिळाली होती. तीन वर्षांअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८५ व ८७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच, आढळले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मूत्रपिंड व यकृत यांच्या बाबतीत संशोधनाची अटही काढून टाकण्यात आली.

याचा लाभ केवळ बाधितांनाच होतो असे नाही. बाधित दात्याचे मूत्रपिंड स्वीकारणारा प्रत्येक रुग्ण सामाईक यादीतील एक जागा इतरांसाठी मोकळी करतो. अर्थात या सर्व व्यवहारात रुग्णाची संमती हा पाया आहे. त्यास धोक्याची पूर्ण कल्पना दिली पाहिजे, आणि नकार दिल्यास त्याचा यादीतील क्रम ढळता कामा नये.

भारतात अवयवरोपणाचा कायदा १९९४ साली झाला. येथील बहुसंख्य मूत्रपिंडे मृत दात्यांकडून न येता जिवंत आप्तांकडून येतात. त्यामुळे वरील दोन प्रश्नांपैकी पहिला, म्हणजे बाधित ग्राहीचा प्रश्न, येथे अधिक निकडीचा आहे. एच. आय. व्ही. व एड्स यांसंबंधीचा २०१७ चा अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला असून, बाधित व्यक्तीस उपचार देताना अन्याय्य भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. एखाद्या आईने आपल्या बाधित मुलास मूत्रपिंड देऊ केले, तर केवळ त्याच्या रक्ततपासणीचा निष्कर्ष पाहून तिला परत पाठविणे आता शास्त्राच्या आधारे समर्थनीय नाही. त्याच्या सी. डी. ४ पेशी किती, विषाणू दबला आहे काय, औषधे तो नियमाने घेतो काय, क्षयादी संसर्ग आहेत काय, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच निर्णय करावयाचा असतो.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. प्रतिकारशक्तीचे दौर्बल्य हा एकच एक गुण नव्हे. ते कशामुळे आले, किती आहे व यंत्रणेच्या कोणत्या भागात आहे, हे प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत पाहावे लागते. दुसरी गोष्ट अशी की, वैद्यकातील निषेध एकदा रूढ झाला म्हणजे त्यामागील कारण नाहीसे झाल्यावरही तो टिकून राहतो. १९९६ साली औषधे आली. बाधित ग्राहींच्या रोपणाची पद्धतशीर परीक्षा सुरू होण्यास २००३ साल उजाडले, बाधित दात्याचे मूत्रपिंड प्रथम उपयोगात येण्यास २००८, आणि अमेरिकेतील बंदी शिथिल होण्यास २०१३. या मधल्या वर्षांत जे रुग्ण दगावले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या मृत्यूस विषाणूपेक्षा हा विलंबच कारण झाला, असे म्हणावे लागते. कोणत्या निषेधाचे कारण अद्याप शिल्लक आहे आणि कोणाचे उरलेले नाही, याची वेळोवेळी तपासणी करीत राहणे हेही संशोधनाचेच काम होय.